हात आपले, वारा परका

३ मार्च

ताईस नमस्कार.

नव्या गावी पोचलो. तंबू मालधक्क्यामागच्या मैदानात ठोकला आहे. जमीन भुसभुशीत, खुंट्या धरत नाहीत आणि वारा असा की पहिल्याच दिवशी तिकीटघराचं छप्पर उडून शेजारच्या गोदामाच्या भेटीला गेलं. मालक म्हणाले, शुभशकुन आहे. मागच्या गावात बँडवाला पाय घसरून स्वतःच्याच ढोलात बसला, तोही त्यांच्या मते शुभशकुनच होता.

मुद्द्याचं लिहितो. मालकांच्या डोक्यात नवा खेळ आला आहे. टिटवीने डोळ्यांना पट्टी बांधून उडायचं. समोरच्या झोपाळ्यावरून सुटायचं, मध्ये एक कोलांटी घ्यायची आणि मी इकडच्या झोपाळ्यावर गुडघ्यांनी उलटा लोंबकळत असेन, तिथे माझ्या हातांत यायचं. तिला दिसणार काही नाही. मी 'ये' म्हटलं की सुटायचं, एवढंच. पहिला खेळ ६ एप्रिलच्या रविवारी दुपारी. जाहिराती छापायला गेल्यासुद्धा.

तू लेक माझ्या हवाली केलीस तेव्हा एकच अट घातली होतीस, नव्या खेळाआधी तुला विचारायचं. म्हणून विचारतो. तिला विचारण्यात अर्थ नाही. ती तर तंबूच्या टोकावरून उडायलाही एका पायावर तयार आहे.

मी ठीक. उजवा खांदा जरा कुरकुरतो. बाबा म्हणायचे ना, हात आपले, वारा परका. जे आपलं ते नीट ठेवावं, परक्याच्या नावाने रडत बसू नये. तेच करतो. पहाटे उठतो, थंड पाण्याने अंघोळ करतो, दोरावर चढउतार करतो आणि तोंडातून ब्र काढत नाही. तू दिलेला निळ्या फुलांचा कप मात्र फुटला. हातातून निसटला. आणि हो, दाढी वाढवली आहे. मालक म्हणतात, लांबून रुबाबदार दिसते. जवळून काय दिसते ते त्यांनी सांगितलं नाही.

एक विचारायचं होतं. तू इतकी वर्षं बाबांच्या हातांत उडलीस. त्यांचा हात तुला कधी सैल लागला का? सहज विचारतो.

तुझा,
दगडोबा


११ मार्च

चि. दगडोबास आशीर्वाद.

दाढी? बाबा असते तर वस्तरा घेऊन तंबूभर तुझ्या मागे धावले असते. उलटं लोंबकळल्यावर हनुवटीचा घाम कुठे जातो, विसरलास का? सरळ डोळ्यांत. त्यात दाढी म्हणजे घामाची टाकीच. काढून टाक मुकाट्याने.

इकडे शाळांचे गणवेश आलेत शिवायला. दिवसभर मशीन चालवते, पाय मशीनच्या पायट्यावर आणि काठी दाराला. गुडघा थंडीत बोलतो, मी ऐकत नाही. शेजारीण म्हणते, एवढं सोसून तोंडावर सुरकुती कशी नाही तुमच्या? म्हटलं, आमच्याकडे सुरकुती पाडायची परवानगी नव्हती.

आता तुझा प्रश्न. बाबांचा हात आणि सैल? एकदा ते तापाने फणफणले होते. मी त्यांच्या हातात आले तेव्हा मला फक्त मनगटं गरम लागली. खेळ झाल्यावर ते खुर्चीतच आडवे झाले, तेव्हा सगळ्यांना कळलं. झेलणाऱ्याला झेपणार नसेल तर त्याने वर लोंबकळतानाच हात छातीशी घ्यायचे, म्हणजे उडणारी थांबते, ही खूण जगातल्या सगळ्या तंबूंत आहे. आपल्या घरात ती कुणी कधी केली नाही. मला त्याचा अभिमान आहे, तुलाही असावा.

खरं सांगू, तुझ्या पत्राला भीतीचा वास येतो. कुरकुरतो म्हणे. वय झालं की माणूस दुखण्याला मांडीवर घेऊन गोंजारायला लागतो, तसं तुझं होऊ देऊ नकोस. दुखणं अंगाचं आहे, ते अंग सोसेल. तू हू की चू करू नकोस.

टिटवीला माझी परवानगी आहे. मन नाही, पण परवानगी आहे. मी तिला अडवलं तर ती माझी लेक कसली? पट्टी मी शिवून पाठवते, बाजारातली नको. काळं सॅटिन, दुहेरी, दोनदा गुंडाळून मागे गाठ मारता येईल इतकी लांब. त्यातून उजेडाचा कण दिसणार नाही. दिसलं काहीतरी अर्धवट, की पोर त्यावर भरवसा ठेवेल आणि तुझा आवाज ऐकायची राहील.

ताई


१९ मार्च

ताईस नमस्कार.

पट्टी पोचली. टिटवीने ती बांधून तंबूभर फिरून दाखवलं, पहिलवानाच्या जेवणाच्या ताटात पाय दिला आणि वर त्यालाच विचारलं, ताट इथे कुणी ठेवलं. तो बिचारा तिला काही बोलत नाही. एवढा मोठा देह, पण टिटवीपुढे त्याची शेळी होते.

तू कान उपटलेस ते बरं केलंस. पत्र वाचल्यावर मी स्वतःलाच चार शब्द सुनावले. आता सकाळी लवकर उठून अंघोळ जास्तच थंड करतो. उजव्या हाताची दोन बोटं सकाळी झोपलेलीच असतात, आळशी पोरांसारखी. चोळली, कोमट पाण्यात बुडवली की दुपारपर्यंत उठतात. चहा आता पेल्यातून पितो, दोन्ही हातांनी धरून. पहिलवान हसतो. हसू दे. मी कुणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. टिटवी परवा म्हणाली, मामा, तू हल्ली किती शांत झालास. ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

सराव चांगला चालला आहे. एकदाच ती निसटून जाळ्यात गेली. घाम होता. आता हातांना खडूची पूड जास्त लावतो. पट्टी बांधून ती अशी येते, ताई, की बघत राहावं. मी 'ये' म्हणतो आणि ती क्षणभरही घुटमळत नाही. तू सुद्धा एवढ्या भरवशाने उडत नव्हतीस. तुझं अर्धं लक्ष बाबा रागावलेत का याच्याकडे असायचं.

शेवटचा सराव ४ एप्रिलच्या शुक्रवारी. त्यानंतर बाबांचा नियम. पत्र, तार, निरोप, खेळ होईपर्यंत काही उघडायचं नाही. बातमी चांगली असो की वाईट, हात थरथरतो. तेव्हा त्या दोन दिवसांत तू काही धाडलंस तर ते पेटीच्या झाकणाला खोचलेलं राहील. राग मानू नकोस.

दाढी अजून आहे. काढतो.

तुझा,
दगडोबा


२९ मार्च

आई,

मामाने सांगितलं की तू माझ्या पत्राची वाट बघत असशील, म्हणून लिहिते. मला माहीत आहे तू वाट बघत नसतेस, तू फक्त पोस्टमन आला की मशीन थांबवतेस.

मी मजेत. खाते, झोपते. मालकांनी माझं चित्र भिंतीएवढं रंगवून घेतलंय, त्यात माझं नाक बघून तू मला ओळखणार नाहीस. चित्रकाराला म्हटलं, एवढं नाक असतं तर मी नाकानेच झोपाळा धरला असता.

पण एक गोष्ट फक्त तुला सांगते, मामाला कळवू नकोस. माझं काहीतरी चुकतंय. मी त्याच्या हातात बहुतेक तिरकी जाते. डाव्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठलेत, काळेनिळे, रोज नवे. उजव्यावर एकही नाही. म्हणजे माझा सगळा भार डाव्या बाजूला जात असणार, हो ना? मी खांदा फिरवून बघितला, सुटताना उजवा पाय आधी ओढून बघितला, कमरेला फडकं घट्ट बांधून बघितलं. फरक पडत नाही. त्या दिवशी जाळ्यात गेले ती पण त्याच्यामुळेच, मी उजवीकडून निसटले.

मामा एका शब्दाने बोलत नाही. पूर्वी पायाचा अंगठा वाकडा असला तरी ओरडायचा. आता झेलतो, फळीवर सोडतो, आणि गप्प. इतका संयम कुठून आणतो देव जाणे. मला उलट रडू येतं. मी चुकते, आणि त्याचा त्रास तो सोसतो.

पहिलवान मामाच्या मनगटाला पट्टा बांधून देतो रोज. म्हणतो, जोराचा झेल आहे म्हणून.

तू उडायचीस तेव्हा असं कधी झालं का? उपाय असेल तर लगेच लिही. रविवारच्या आधी पोचायला हवं.

तुझी टिटवी


४ एप्रिल, तार

हात छातीशी घे. ताई.


४ एप्रिल, शुक्रवार संध्याकाळ

दगडोबा,

टिटवीचं पत्र आज दुपारच्या टपालाने आलं. मी काठी न घेता तारघरात गेले, ते तिथे पोचल्यावर लक्षात आलं.

वळ तिच्या चुकीचे नाहीत. तू उलटा, ती समोरून येणारी. तुझा उजवा हात तिचं उजवं मनगट धरतो, डावा डावं. तिच्या उजव्या मनगटावर खूणसुद्धा नाही, कारण तिथे धरणारं कुणी नाही. तू पोरीला एका हाताने झेलतो आहेस. वाचलं आणि तुझ्या पत्रांतल्या तिन्ही खुणा एकदम समोर आल्या. कप, दोन्ही हातांनी धरलेला पेला, दाढी. दाढी वाढवली नाहीस तू. तुझ्या हातात वस्तरा राहत नाही.

आणि मी तुला काय लिहिलं? गोंजारू नकोस. तू मला दार किलकिलं करून विचारत होतास, आणि मी ते तुझ्या तोंडावर लावलं.

तार देऊन घरी आले, चूल पेटवली आणि तेव्हा आठवलं. शेवटचा सराव आज. म्हणजे तार पोचेल, पहिलवान ती पेटीला खोचेल आणि तू तिच्याकडे बघणारही नाहीस. बाबांचा नियम तू मोडणार नाहीस. या घराण्याचा हाच रोग आहे, एकदा शिकलो की डोकं लावत नाही.

मालकांना तार करावी म्हटलं, तर ते तुलाच विचारणार, आणि तू चेहरा दगडाचा करून म्हणणार, मी ठीक. तंबूशेजारच्या गोदामाला तारघरातल्या बाईंनी फोन लावून पाहिला. लागला नाही. गाडीने निघाले तर सोमवारी पोचेन. राहिली टिटवी. तिच्या नावाची तारसुद्धा पेटीलाच जाणार. आणि समजा, पहिलवानाकरवी तिच्या कानावर घातलं, तर ती तुझ्याकडे येईल, तू नाही म्हणशील आणि ती वर चढेल. पण आता मनात किंतु घेऊन. तुला माहीत आहे, अर्ध्या भरवशाने सुटलेली उडणारी कुठे पडते. जाळ्याच्या मध्यावर नाही पडत. माझा गुडघा काठाच्या दोरावरच गेला होता.

म्हणजे हे सगळं एका तुझ्यावर आलं आहे, आणि तुझ्यापर्यंत पोचायला माझ्याकडे काही नाही. हे पत्रही तुला मंगळवारनंतर मिळेल. तरी लिहिते आहे, कारण दुसरं काय करू?

शनिवार

रात्र कशी गेली विचारू नकोस. सकाळी दूधवाल्यावर ओरडले, दूध वेळेवर आणलं म्हणून. तो घाबरून गेला.

बाबांची सगळी वाक्यं म्हणून पाहिली. जे हातात नाही त्याची चिंता कशाला. म्हणून पाहिलं आणि संताप आला. ज्याची पोर वर उभी नाही त्याने ही वाक्यं म्हणावीत. मी शांत नाही, दगडोबा. मला भीती वाटते आहे, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे.

रविवार

आता तिकडे बँड सुरू झाला असेल. मी गणवेशाच्या बाह्या जोडायला बसले. दोन्ही बाह्या एकाच खांद्याला शिवल्या. उसवल्या, पुन्हा तसंच.

ती पट्टी मी शिवली रे. दुहेरी. उजेडाचा कण दिसणार नाही म्हणून दोनदा दिव्यासमोर धरून पाहिली. खूण केलीस तरी तिला दिसणार नाही. हे आत्ता लक्षात येतं आहे, बाह्या उसवताना. मी तारेत लिहिलं, हात छातीशी घे, आणि पोरीचे डोळे मीच बांधून पाठवले आहेत.

आता पुढे लिहिवत नाही.


७ एप्रिल

ताई,

काल संध्याकाळी केलेली तार तुला मिळाली असेल. टिटवी सुखरूप आहे. तिच्या अंगाला ओरखडाही नाही. हे आधी पुन्हा एकदा वाच, मग पुढे.

अक्षर असं कावळ्याच्या पायाचं का आलंय ते तुला सांगायला नको. डाव्या हाताने लिहितो आहे. गेले महिनाभर उजव्याने लिहिताना प्रत्येक ओळीनंतर थांबत होतो. आता ती लपवाछपवी संपली, तेवढं सुटलो.

तुझी तार शनिवारीच आली होती. पहिलवानाने ती पेटीच्या झाकणाला खोचली. मी येताजाता बघत होतो. वाटलं, ताईचा आशीर्वाद असेल. उघडली नाही.

रविवारी तंबू खचाखच भरला. मागे लोक उभे. मी बोटं चोळून चोळून लाल केली होती, पण ती दोन काही उठली नाहीत, आणि तिसरंही डुलक्या घेत होतं. तरी मनात एकच, सोसायचं. डाव्याने धरलंय महिनाभर, आज एक दिवस आणखी धरू. बाबांनी तापात झेललं होतं. दोरशिडीखाली टिटवी पट्टी हातात घेऊन उभी होती. मी चढायला पाय उचलला तेव्हा ती हळूच म्हणाली, "मामा, उजवीकडून मी चुकते आहे ते मला माहीत आहे. आज सांभाळून घे हं."

चढायच्या आधी बोलायचं नाही, हाही नियमच. पण शिडी चढताना ते वाक्य माझ्याबरोबर वर आलं. ती चुकते आहे? ताई, मी स्वतःला मोठा सोशिक समजत होतो. मूग गिळून बसलो होतो आणि त्याला संयम म्हणत होतो. आणि माझ्या त्या संयमाचा भार ती पोर उचलत होती, स्वतःची चूक समजून. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकतच नव्हती, आणि मी ती झाकल्याचा आव आणत होतो.

तरीही मी लोंबकळलो. हे तुझ्यापासून लपवत नाही. तेवढं कळूनही गुडघे अडकवले, हात सोडले, झोके घ्यायला लागलो. सवय माणसाला किती लांब नेते बघ. समोर फळीवर तिने पट्टी बांधली, दोनदा गुंडाळली, मागे गाठ मारली. बँड थांबला. एवढी माणसं असून तंबूत कनातीचा आवाज ऐकू येत होता, वारा होता ना. तिने झोपाळा धरला, मान माझ्या बाजूला केली आणि माझ्या 'ये'ची वाट बघत उभी राहिली. चेहरा एकदम निवांत. झोपलेल्या बाळासारखा निवांत.

एक झोका गेला. दुसरा गेला. मी उजव्या हाताने मूठ वळून पाहिली. वळली नाही. तेव्हा हात छातीशी घेतले. घेतले आणि कळलं की तिला दिसत नाही. खूण करून भागणार नव्हतं. जे काय आहे ते भरल्या तंबूत, तोंडाने बोलावं लागणार होतं. दाढीतला घाम डोळ्यांत उतरला, तू म्हणाली होतीस तसा. मला वाटतं सगळाच घाम नव्हता.

मी म्हणालो, "थांब."

तिला वाटलं चुकून ऐकलं. पाऊल पुढे आलेलंच होतं. मग मी मोठ्याने म्हणालो, "टिटवी, थांब. माझा हात गेलाय. तू चुकत नाहीस, मी चुकतोय. खाली जा."

आणि मी जाळ्यात उडी टाकली.

मग जे व्हायचं ते झालं. आधी शिट्ट्या, मग कागदाचे बोळे. कुणीतरी ओरडलं, म्हातारा भ्यायला. मालक रिंगणात धावत आले. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच शुभशकुन हा शब्द आला नाही. बाबांनी हयातीत न केलेली गोष्ट मी सगळ्यांसमोर केली. जाळ्यातून उठता उठता वाटलं, आता मला लाज वाटेल. वाट बघितली. आली नाही. फार दमलो होतो, एवढंच.

वर बघितलं तर टिटवी फळीवरच होती. तिने पट्टी काढली होती आणि माझ्याकडे बघत होती. मनगटांकडे नाही, चेहऱ्याकडे. आमच्या धंद्यात चेहरा बघत नाहीत, म्हणून मला काय करावं कळेना. तसाच उभा राहिलो.

पेटीपाशी गेलो, तुझी तार उघडली. ती वाचून मी तिथेच खाली बसलो. पहिलवानाला वाटलं कुणीतरी गेलं. त्याला म्हटलं, कुणी गेलं नाही, सगळे आहेत.

आज डॉक्टरांना दाखवलं. मानेतून हाताकडे येणारी नस दबली आहे म्हणाले. वेळेत आला असतात तर, असं काहीतरी सुरू केलं त्यांनी, मग माझा चेहरा बघून थांबले. हात थोडाफार परत येईल. चमचा धरेन, बटण लावेन. झेलणं संपलं. मालक अजून माझ्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या तंबूतल्या एका झेलणाऱ्याला बोलावणं गेलं आहे, एवढं कानावर आलं. तो येईपर्यंत टिटवी उडणार नाही.

टिटवीही बोलत नाही. काल फक्त एकदा बोलली. "महिनाभर मी स्वतःला मूर्ख समजत होते, मामा. आणि तू मला समजू दिलंस." पण आज डॉक्टरांनी हात गळ्यात बांधायला सांगितला, आणि मी एका हाताने रुमालाशी झटत होतो, तेव्हा ती आली. न बोलता ती काळी पट्टी काढली, दोनदा गुंडाळून माझ्या मानेमागे गाठ मारली. तू लांब शिवली होतीस ते बरं झालं. मग रागाने निघून गेली.

बाबा म्हणायचे, हात आपले, वारा परका. आता माझे हातही परके झाले. काल वर लोंबकळत असताना जे एक माझं उरलं होतं, ते मी बोललो. त्याच्याहून जास्त मला काही समजलेलं नाही. तू मोठी आहेस, तू सांग, आता मी रोज सकाळी उठून काय करू?

तुझा,
दगडोबा


१४ एप्रिल

चि. दगडोबास,

तुझी तार रविवारी दिवेलागणीला आली. तारवाल्याच्या हातून घेतली, पण उघडेना. शेवटी त्यालाच म्हटलं, तूच वाच. त्याने 'सुखरूप' एवढं वाचल्यावर मी त्याला आत बोलावून चहा पाजला आणि त्याच्यासमोर रडले. तो बिचारा निम्मा चहा टाकून पळाला. शुक्रवार ते रविवारचं माझं पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असेल. ते वाचलंस तर हसू नकोस. हसलास तरी चालेल.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दगडाला पाझर फुटतो असं ऐकलं होतं, वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तू विचारतोस काय करू. मला माहीत नाही. हे मी तुला पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा जपून ठेव. बाबांना माहीत असायचं, किंवा तसं दाखवायचे. परवा बसल्या बसल्या मनात आलं की त्यांचाही हात एखादवेळी सैल पडला असेल. कुणाला कळलं असतं? चेहरा तर कुणी बघत नव्हतं. त्यांनाही कुणाला तरी विचारायचं असेल, आणि त्यांना मोठी बहीण नव्हती.

टिटवीचं पत्र आलं आहे. चार पानं, सगळी तुझ्यावरच्या रागाची. शेवटी लिहिलंय, नवा झेलणारा आला तर खालून वेळ मामानेच सांगायला हवी, त्याच्या आवाजाशिवाय मी सुटणार नाही, मालकांना तसं सांगितलं आहे. हे तुला तिने सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. मालक काय म्हणतात ते बघू. ते त्यांच्या हाती. आणि ते नाहीच म्हणाले, तर इथे माझ्याकडे जागा आहे, आणि बटणं लावायला डावा हातही चालतो.

गणवेश पोचवून मी गुरुवारच्या गाडीने निघते. गुडघा दुखतो आहे, चांगलाच दुखतो आहे, म्हणून काठी घेऊन येते आणि शेजारच्या मुलाला स्टेशनापर्यंत सोबत यायला सांगितलं आहे. फलाटावर तू ये, टिटवीलाही आण. बोलत नसली तर नसो, पिशव्या तरी उचलेल.

बाबांचा वस्तरा माझ्याकडे आहे. धार लावून ठेवली आहे. तुझी ती घामाची टाकी मी स्वतः काढणार. खुर्ची तंबूबाहेर उजेडात ठेव, पाणी गरम ठेव, थंड नको. माझा हात आता पूर्वीसारखा हलका नाही, एखादवेळी लागेल.

दुखलं तर सांग.

ताई